दीड इंचाची खिडकी

ऊस तुटून गेला की आमच्याकडची गावं एकदम उघडी पडतात. वर्षभर ज्या वस्त्यांना एकमेकींची नुसती पत्र्याची शिखरं दिसत होती, त्यांना एकमेकींची दारं, दारातली म्हैस, दोरीवरचे कपडे सगळं दिसायला लागतं. पाचट पेटवल्याचा वास चार-चार दिवस केसांतून जात नाही. आणि मग एका सकाळी एखाद्या मोकळ्या वावरावर रोलर फिरलेला असतो, मध्ये बावीस यार्डांचा पट्टा शेणाने सारवल्यासारखा गुळगुळीत झालेला असतो आणि बाभळीला भोंगा टांगलेला असतो. पंचांगात या हंगामाला नाव नाही. आम्ही आपलं 'स्पर्धा लागल्या' म्हणतो.

यंदाही लागल्या. मी साताऱ्यात एका शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीला पलूसजवळच्या आमच्या गावी येते. कराड सोडल्यापासून फ्लेक्स सुरू झाले. वर पुढाऱ्यांचे चेहरे, खाली कोपऱ्यात हवेत उडालेला एक फलंदाज. या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांनी उद्घाटनाला बॅट हातात घेतली की मला फार मजा वाटते. लाटणं धरावं तशी दोन्ही हातांत लांब-लांब धरतात, टाकणारा बिचारा हळूच खालून टाकतो, तरीही चेंडू मागे जातो आणि टाळ्या पडतात. एका पुढाऱ्याने तर बॅट उलटी धरून चौकार मारला होता. भोंग्यावरचा समालोचक म्हणाला, "साहेबांची बॅट दोन्ही बाजूनं चालती मंडळी," आणि साहेबांना ते कौतुक वाटलं.

आमच्याकडे क्रिकेट हा नुसता खेळ नाही, बोलायची रीत आहे. सरपंचाची निवड बिनविरोध झाली की समोरच्यांनी 'फॉलोऑन घेतला' म्हणतात. चुलत्यांच्या मर्तिकाला आलेला एक गृहस्थ गंभीर चेहऱ्याने म्हणाला होता, "अण्णा नव्वदीत आऊट झालं बघा, शतक हुकलं," आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. लग्नाच्या फोटोंत नवरदेव खांद्यावर बॅट टाकून उभा राहतो, शेजारी नवरी हेल्मेट घेऊन. खंडेनवमीला कोयता, खुरपं, पान्हे यांच्या ओळीत बॅटही मांडली जाते, तिला हळदीकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं. हत्यारच ते.

आणि या हत्याराचे आमच्या पंचक्रोशीतले कारागीर म्हणजे माझे वडील, तात्या. चौकटी, दारं, देव्हारे हा त्यांचा धंदा, पण जीव बॅटींत. आमच्याकडे ओढ्याकाठी वाळुंज नावाचं झाड येतं, पाण्यात पाय सोडून बसणारं, हलक्या पांढऱ्या लाकडाचं. परदेशात ज्या झाडाची बॅट करतात त्याचं हे इकडचं भावंड. तात्या ते तोडून, फळ्या काढून माळ्यावर वर्षभर सुकवायचे. मग वाकसाने तासणी, रंधा, पात्याच्या डोक्यात पाचरीसारखी खाच, तिच्यात वेताची मूठ, सरस, वर घट्ट दोरा. शेवटी जवसाचं तेल. तयार झालेलं पातं ते लाकडी हातोडीने ठोकत जायचे आणि कान तिरका करून ऐकत राहायचे. ऐकून झालं की म्हणायचे, "बोलती." किंवा, "न्हाई बोलत," आणि ती बॅट बाजूला पडायची.

तात्यांची एक सवय आमच्या घरात चेष्टेचा विषय होती. कुणीही माप सांगितलं की ते विचारायचे, "वरचं?" गिऱ्हाईक म्हणालं, चौकट साडेसहा फूट, की तात्या पेन्सिल कानावरून काढत म्हणणार, "साडेसा. वरचं?" म्हणजे साडेसहाच्या वर काही इंच, इंचाच्या वर काही सूत असेल तर सांग. इंचाचे आठ भाग, एकेका भागाला सूत. त्याच्या खालचंही तात्या सोडत नसत, अर्धा सूत, 'पेन्सिलीच्या रेघंएवढं'. आई ताट वाढताना विचारायची, "किती भाकरी?" तात्या म्हणायचे, "दोन." आणि आई तवा उचलत विचारायची, "वरचं?" एवढं होऊनही तात्या विचार करून खरंच सांगायचे, "चतकोर."

मी ज्या हंगामाबद्दल लिहायला बसले आहे, तो या चेष्टेशी बांधलेला आहे. त्याच्या आदल्या वर्षी जगभर बॅटीच्या जाडीला मर्यादा आली. तोवर लांबी-रुंदीला माप होतं, जाडीला नव्हतं. त्यामुळे बॅटी फुगत चालल्या होत्या, नुसती कड लागली तरी चेंडू सीमेपार जायचा. आमच्याकडे तर टेनिसच्या चेंडूवर खेळ, तिथे जाडीला ताळतंत्रच राहिला नव्हता. एका संघाचा सलामीवीर जी बॅट आणायचा तिला आम्ही धोपटणंच म्हणायचो. तिच्यावरून हाणामारी होऊन एक स्पर्धा अर्धी राहिली होती. तेव्हा आमच्या गावच्या स्पर्धेचे प्रमुख बबनअण्णा टीव्हीवर काहीतरी बघून आमच्या दारात आले आणि म्हणाले, "तात्या, जगात माप लागलंय. आता आपल्यात बी लावायचं. एक फळी करा, तिला भोक पाडा. बॅट त्यातनं गेली तर खेळायची, न्हाई गेली तर घरला."

तात्यांना ही कल्पना अशी आवडली की त्यांनी देव्हाऱ्यासाठी ठेवलेली सागाची फळी काढली. आंतरराष्ट्रीय सामन्यांत असं माप असतंच, बॅटीच्या आडव्या छेदाच्या आकाराचं. तात्या त्याला खिडकी म्हणायला लागले. मोबाईलवरून आकडे मीच काढून दिले. रुंदी एकशे आठ मिलिमीटर, मधली जाडी सदुसष्ट, कड चाळीस. पण तात्या मिलिमीटर मानत नव्हते. त्यांच्याकडे घडीची पिवळी लाकडी पट्टी होती, इंच आणि सूत एवढंच जाणणारी. पोलादी टेप होती, पण तिला ते माप म्हणत नसत, खेळणं म्हणत. तेव्हा मिलिमीटरचे इंच आणि सूत करणं माझ्याकडे आलं.

मला त्या वर्षी नुकतीच नोकरी लागली होती. गणितात विद्यापीठाचं बक्षीस मिळालेलं, शाळेत सगळे 'मॅडम' म्हणत, आणि मला वाटायचं की जगातल्या बहुतेक भांडणांचं कारण लोकांना भागाकार येत नाही हेच आहे. मी दोन मिनिटांत हिशेब केला. रुंदी सव्वाचार इंच, बरोबर बसली. जाडी दोन इंच पाच सूत, तीही बसली. कड मात्र बसेना. दीड इंच आणि वर अर्ध्या सुताहून थोडं जास्त.

"दीड इंच," मी सांगितलं.

तात्यांनी पेन्सिल टेकवली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "वरचं?"

"वरचं सोडा तात्या. नियम जरा कडकच असलेला बरा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एक क्षण पेन्सिल तशीच राहिली. मग त्यांनी दीड इंचावर रेघ मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वरचं सोडलं, आणि ते लेक शिकलेली आहे म्हणून सोडलं.

खिडकी देखणी झाली. कडा काचकागदाने घासलेल्या, फळीला तेलपाणी, वरच्या बाजूला टांगायला पितळी कडी. बबनअण्णांनी मला टेबलापाशी बसवलं. "मास्तरीणबाई, तुमी बसा. शिकल्याल्या माणसाशी कोण भांडत न्हाई." ते खरं निघालं. धोपटणं पहिल्याच दिवशी खिडकीत तोंड घालून अडकलं आणि त्याचा मालक मुकाट्याने दुसरी बॅट आणायला गेला. लोक मजा बघायला सामन्याआधी तासभर येऊन बसायचे. बॅट आरपार गेली की टाळ्या, अडकली की शिट्ट्या. समालोचकाला तर पर्वणीच. "नवरी उंबऱ्याच्या आत आली मंडळी," असं तो दर बॅटीला म्हणायचा. तात्यांच्या बॅटी अर्ध्या संघांकडे होत्या. त्या सगळ्या सरकन जायच्या, कारण तात्या कडा सव्वा इंचाच्या वर कधी ठेवतच नसत. त्यांना फुगीर बॅट म्हणजे लबाडी वाटायची. मी टेबलाशी ताठ बसायचे. उन्हाने तोंड काळवंडलं होतं, पण मला त्या पंधरवड्यासारखं महत्त्वाचं पुन्हा कधी वाटलं नाही.

उपांत्य सामना शनिवारी होता, आमच्या शेजारच्या गावाचा आटपाडीच्या संघाशी. आटपाडीकडे दिगंबर फौजी होते. हवालदार, जम्मूकडे नेमणूक, महिन्याच्या रजेवर आलेले. उंच, शांत माणूस. बॅटीवर एकही स्टिकर नाही. जम्मूच्या बाजूला एका गावात सुताराकडे बसून, तीन रविवार घालवून त्यांनी ती करून घेतली होती असं त्यांच्या संघातल्या मुलांनी सांगितलं. रजेला येताना आगगाडीत ती त्यांनी उशाला घेतली होती म्हणे. तात्यांनी ती बॅट हातात घेतली, बोटाच्या पेराने ठोकली आणि म्हणाले, "बोलती हो. कुणी केली?" फौजी खुलून हसले.

मी बॅट खिडकीत घातली. टोक गेलं, वीतभर आत गेली, आणि जिथे पातं सगळ्यात भरलेलं असतं तिथे कडेला अडकली. मी जरा दाब दिला. लाकूड करकरलं. मी वाकून बघितलं आणि मला स्पष्ट दिसलं की ती नखभर अडते आहे. नखभर म्हणजे एखादा मिलिमीटर. आणि खऱ्या नियमात, मी कापलेलं वरचं धरलं असतं तर, तिला पुरून उरेल एवढी जागा होती.

मला तिथेच कळलं. पूर्ण, आकड्यासकट कळलं. मैदानावर शे-दोनशे माणसं होती, भोंगा चालू होता, बबनअण्णा माझ्याकडे बघत होते आणि मी गणिताची बाई होते. मी म्हणाले, "नाही जात."

शिट्ट्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "फौजी, लष्करात बी आसलीच बॅट चालती व्हय रं?" समालोचकाने भोंग्यावर सांगून टाकलं, "फौजींची बॅट खोटी निघाली मंडळी." दिगंबर फौजींचे कान लाल झाले. पण आवाज चढला नाही. "नियम हाय. ठेवा," एवढंच म्हणून त्यांनी बॅट टेबलावर ठेवली, तोंड वर करून, पात्यावर हात फिरवून. मग संघातल्या कुणाचीतरी घेऊन ते खेळायला गेले. दुसऱ्याच चेंडूवर त्यांनी उंच फटका मारला. चेंडू सीमेवरच्या माणसाच्या हातात पडला. दोरीच्या हातभर आत. आटपाडी तीन धावांनी हरली.

संध्याकाळी ते बॅट न्यायला आले. "मॅडम, बॅट मिळंल का?" मी दिली. त्या वेळी टेबलाशी आम्ही दोघंच होतो. मला बोलायला तेवढा एक क्षण मिळाला होता, तो मी फळी पुसण्यात घालवला.

रात्री घरी जेवायला बसलो. मी तात्यांना सांगितलं. पण सांगतानाही चलाखी केली. म्हणाले, "आत्ता घरी येऊन हिशेब परत तपासला तात्या. चाळीसचे आपल्याकडे अडतीसच झालेत." तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"त्येची बॅट खरी हुती?"

"खरी होती."

आईने विचारलं, "अजून भाकरी?" त्यांनी नको म्हणून मान हलवली, आणि त्या दिवशी आईने वरचं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला करवतीच्या आवाजाने जाग आली. तात्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून त्याच फळीवर, जुन्या खिडकीच्या शेजारी दुसरी खिडकी पाडत होते. मांडीपाशी माझ्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी होती, मिलिमीटरवाली. चष्मा कपाळावर घेऊन, डोळा पट्टीला लावून ते एकेक रेघ मोजत होते. मी म्हणाले, "जुनीच मोठी केली असती तर लवकर झालं असतं." त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मोठी केली तर चुकलंय कुठं ते कळंल कसं?"

अंतिम सामन्याला गर्दी दुप्पट होती. नाणेफेकीच्या आधी तात्या समालोचकाकडे गेले आणि त्यांनी माईक मागितला. जन्मात कधी भोंग्यावर न बोललेला माणूस. आधी नुसताच खरखर आवाज आला, मग त्यांचा. "काल आटपाडीच्या फौजींची बॅट खोटी न्हवती. माप खोटं हुतं. माप म्या केलं. चूक माझी हाय."

मी टेबलाशी उभी होते. माझं नाव त्यात नव्हतं. मी पुढे होऊन दोन शब्द बोलले असते तर भागलं असतं, पण मी पुढे झाले नाही. मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "सुतारानं आपल्या बॅटींपुरतीच खिडकी ठिवली हुती की." तात्यांनी ते ऐकलं. त्यांच्या बॅटींवर, आमच्या सोप्यावर, आजवर विचारलेल्या प्रत्येक 'वरचं'वर तो चिखल होता, आणि तो माझ्या हातचा होता. ते एवढंच म्हणाले, "तसं वाटणार. माप चुकल्यावर वाटणारच."

बबनअण्णा त्यांना बाजूला घेऊन समजावायला लागले. "आवं तात्या, झालं ते झालं. मॅच काय परत व्हणार हाय का?"

"मॅचचं तुमी बघा," तात्या म्हणाले. "आपन एका माणसाला समद्यांदेखत खोटं म्हटलंय. ते परत घ्यायचं ऱ्हायलंय."

फौजींची रजा मंगळवारी संपत होती. माझी सुट्टी संपली होती, सोमवारी सकाळी मी शाळेत आणखी एका दिवसाची रजा कळवली, फळी पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि तात्यांच्या मोटारसायकलवर मागे बसले. विट्याच्या पुढे ऊस संपतो. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता माळ, मेंढरं, मध्येच डाळिंबाची हिरवी चौकट. ऊन असं की डांबर मऊ पडलेलं. तात्या वाटभर एकदाच बोलले. एका वळणावर गाडी हळू करून म्हणाले, "फळी उन्हात धरू नको. पंचा नीट घाल."

आटपाडीत फौजींचं घर डाळिंबाच्या बागेला लागून होतं. दारात ट्रंक उघडी, कपड्यांच्या घड्या चाललेल्या. दोन-तीन वर्षांची एक मुलगी ट्रंकेत बसून होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. आम्हाला बघून फौजी गडबडले. तात्यांनी आधी पाणीही घेतलं नाही. म्हणाले, "तुमच्या टीममधली चार माणसं बोलवा. आनि बॅट आना."

माणसं जमली. तात्यांनी फळी ओट्यावर उभी धरली आणि बॅट नव्या खिडकीतून स्वतः घातली. ती सावकाश गेली, कुठेही न घासता, थेट मुठीपर्यंत. मग त्यांनी तीच बॅट जुन्या खिडकीत घातली. अडकली. "बघा," ते जमलेल्यांना म्हणाले, "बॅट तीच हाय. शनिवारी आमची खिडकी बारकी हुती. ह्या मानसाकडं काय खोटं न्हवतं."

फौजींनी बॅट हातात घेऊन उगाच फिरवली. मग म्हणाले, "आवं तात्या, एवढ्यासाठी एवढ्या उन्हातनं आलासा? फोन केला आसता तरी चाललं आसतं की."

"फोनवर बॅट जात न्हाई खिडकीतनं," तात्या म्हणाले, आणि मग पाणी प्यायले.

मी तोंड उघडलं होतं. "फौजी, ते माप खरं तर..." एवढं म्हटलं आणि त्यांच्या आईने माझ्या हातात चहाची बशी दिली. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मी बशीकडे बघितलं. चहा संपला, डाळिंबं पिशवीत पडली, आणि आम्ही निघालो.

परतताना मी विचारलं, "तात्या, माझं नाव का नाही घेतलं?"

वारा होता, त्यांना मान वळवून बोलावं लागलं. "तू आकडा सांगितलास. वरचं काय म्हून म्या इचारलं. तू सोडा म्हनलीस, म्या सोडलं. सुतारानं सोडायचं नसतं. माझी चूक माझी हाय, ती म्या सांगितली. तुझी तुला कवा सांगायची ती तू ठरीव."

ते ठरवायला मला इतकी वर्षं लागली. या वर्षांत मी दर जूनला नव्या वर्गाला पूर्णांकन शिकवलं. पाच किंवा त्याहून वर असेल तर पुढची संख्या घ्या, खाली असेल तर सोडून द्या. मुलं माना डोलावतात. मी खडू हातात घेऊन फळ्याकडे तोंड करते तेव्हा मला दरवेळी करकरणारं लाकूड ऐकू येतं. आता मी वर्गात एक जास्तीचं वाक्य बोलते, 'जे सोडलं ते बाजूला लिहून ठेवा.' निरीक्षणाला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, हे कुठल्या पुस्तकात आहे. मी म्हटलं, आमच्या सोप्यात.

त्या वर्षानंतर तात्यांच्या बॅटी कमी झाल्या असं कुणाला वाटेल, तर तसं झालं नाही. आटपाडीचे लोक बॅटीसाठी आमच्याकडे यायला लागले. फळी आजूबाजूच्या गावांत स्पर्धेसाठी मागून नेतात, दोन्ही खिडक्यांसकट. तात्या देताना बजावतात, "उजवीकडची खरी. डावीकडची बघायला." आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, बॅटी ते हाताने चाचपून करतात, आणि 'वरचं' विचारतात ते पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात.

तर यंदा. यंदा आमच्या गावाने पहिल्यांदाच मुलींची स्पर्धा भरवली. मुली बारा-चौदा जणींच्या टोळ्यांनी टेम्पोतून येतात, आल्या आल्या पट्टा बघून नाकं मुरडतात आणि पंचांशी इंग्रजीत वाद घालतात. मला त्या फार आवडतात. उद्घाटनाच्या साहेबांना एकीने सरळ सांगितलं, "सर, ग्रिप चुकलीय," आणि साहेबांनी निमूट हात बदलले. टेबलाशी मीच होते. मागे खुर्चीवर तात्या शेंगा सोलत बसले होते.

आटपाडीचा संघ उतरला आणि त्यांच्याबरोबर दिगंबर फौजी. आता निवृत्त, केस पांढरे, पाठ तशीच सरळ. पुढे त्यांची मुलगी, श्रावणी, संघात सगळ्यात लहान. ट्रंकेत बसली होती तीच. तिच्या हातात तात्यांनी केलेली छोटी वाळुंजाची बॅट होती. तिने टेबलावर बॅट ठेवायच्या आधी फळी न्याहाळली. लहान मुलं विचारतात तसं तिने विचारलं, "मॅडम, एक खिडकी बास की. ही दुसरी कुणाची?"

हा प्रश्न आजवर बऱ्याच जणांनी विचारला होता. माझं उत्तर ठरलेलं होतं, 'जुनं माप आहे ते.' ते खोटंही नव्हतं. या वेळी मी मुलीकडे न बघता तिच्या वडिलांकडे बघितलं.

"माझी," मी म्हणाले. "फौजी, तुमची बॅट अडकली ते माप तात्यांचं नव्हतं. मी सांगितलेलं होतं. त्यांनी वरचं विचारलं होतं, मी सोडा म्हटलं."

फौजींनी तात्यांकडे बघितलं. तात्या शेंगा सोलत राहिले. फौजी हसले, मला मोकळं करायला आलेलं हसू. "आसू द्या वं मॅडम. हिशेबात चुकतं मानूस. त्या येळंला तुमास्नी तरी काय ठावं."

इथे थांबता आलं असतं. सगळं सांगून झाल्यासारखं झालं होतं, समोरचा माणूस स्वतःच्या हाताने दार लावून घेत होता. मागे शेंगांचा आवाज थांबला.

"ठाऊक होतं," मी म्हणाले. "बॅट अडकली तेव्हाच कळलं होतं मला. तुम्ही बॅट टेबलावर ठेवलीत, तेव्हा मला माहीत होतं की ती खरी आहे. सगळे बघत होते म्हणून मी बोलले नाही. तात्यांनाही सांगितलं ते, घरी आल्यावर कळलं म्हणून सांगितलं."

शेवटचं वाक्य दोघांसाठी होतं. मी मागे वळून बघितलं नाही.

फौजींनी मैदानाकडे बघितलं. सीमेची दोरी जिथे होती तिकडे. भोंग्यावर कुणीतरी संघांची नावं वाचत होतं.

"गेला आसता मॅडम त्यो बॉल भाईर," ते म्हणाले. रागाने नाही, जे होतं ते सांगावं तसं. "माझ्या बॅटीनं गेला आसता."

"हो. गेला असता."

त्यांनी मान हलवली. मग श्रावणीच्या हातातली बॅट घेतली, पात्यावरून एकदा हात फिरवला आणि ती माझ्या पुढ्यात ठेवली, तोंड वर करून.

"हिची बघा," ते म्हणाले. "तुमीच बघा."

मी बॅट उचलली आणि उजवीकडच्या खिडकीत घातली.